पाठमोरी

माझ्या कामाला चांगलं नाव आहे, स्टँड-इन म्हणतात, पण शूटिंगवर मला सगळे खुंटीच म्हणतात. लाइटमन दादांनी पाडलेलं नाव. "खुंटी कुठाय, आणा तिला," म्हणून ते हाक मारतात आणि जमिनीवर जिथे चिकटपट्टीची फुली मारलेली असते तिथे मी जाऊन उभी राहते. गाण्यांचे व्हिडिओ करतात ना, त्यातली गायिका काही दिवे लागेपर्यंत ताटकळत उभी राहत नाही. तिच्या उंचीची, तिच्या वर्णाची, तिच्याच रंगाचे कपडे घातलेली मी राहते. माझ्या नाकाची सावली कुठे पडते ते बघून दिवे सरकवतात, मग मॅडम येतात आणि मी बाजूला होते. व्हिडिओत मी कुठेच नसते. नसायचं, हेच तर काम आहे.

आता लगेच चुकचुकू नका. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. दिवसभर खुर्चीत बसून कंबर मोडून घेण्यापेक्षा पाय दुखलेले परवडले. आणि काय काय नाही झाले मी इतक्या वर्षांत? राणी झाले, वकील झाले, एकदा तर बॉक्सर झाले. पूर्वी मी खिडकीत उभी राहून कुणाची तरी वाट बघायचे, ओले केस सोडून. मग जमाना बदलला. व्हिडिओत संदेश आले, बाईला स्वातंत्र्य आलं, आणि मी आरसे फोडायला लागले. म्हणजे फोडायच्या आधीपर्यंत उभी राहायला लागले. फोडायच्या त्या मॅडम.

घरी आम्ही दोघंच. मूलबाळ नाही. आमच्या ह्यांचं छपाईचं दुकान आहे, टी-शर्ट, कप, शाळेच्या बक्षिसांच्या ढाली, जे म्हणाल त्यावर जे म्हणाल ते छापून देतात. माणूस साधा. दारू नाही, आरडाओरडा नाही, माझ्या कामाला कधी नावं ठेवली नाहीत. तक्रार करायला बसले तर कशाची करू, असा प्रश्न पडावा. पण आमच्या घरात बोलणं म्हणजे काय, तर गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का, उद्या पाणी लवकर जाणार आहे. लग्न झालं तेव्हा जिन्यातल्या पावलांवरून ते मला ओळखायचे. मी वर पोचेपर्यंत दार उघडलेलं असायचं. ते कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं, की मी आपली आपल्या किल्लीने दार उघडून आत येते आणि ते टीव्हीसमोरून मान वळवत नाहीत. त्याचंही मी कुणाला काही बोलले नाही. बोलणार कुणाला?

तर त्या व्हिडिओची गोष्ट. दिग्दर्शिका वयाने लहान, चष्मा मोठा, आणि समजावून सांगायची हौस दांडगी. सुतारालासुद्धा ती प्रत्येक वस्तूचा अर्थ सांगायची. बिचारा हातात हातोडी घेऊन माना डोलवायचा. सेट म्हणजे एक घर होतं, एकातून दुसऱ्यात उघडणाऱ्या खोल्यांचं. एका खोलीत लांबलचक टेबलावर पुरुष जेवत बसलेले, बाई त्यांच्यामध्ये उभी राहून गाते आणि कुणी मान वर करत नाही. दुसरीत सगळे आरसे चादरींनी झाकलेले. तिसरीत भिंतभर लग्नाचे जुने फोटो, नवरे जागच्या जागी, आणि बायकांच्या चेहऱ्यांच्या जागी कापून काढलेली गोल भोकं. पहिल्या दिवशी मला वाटलं, जरा अतीच करतेय ही पोरगी. मग दिवे लावायला मला त्या भिंतीसमोर उभी केली आणि दादांनी मागचा दिवा लावला. त्या भोकांमधून उजेड आला, बायकांच्या तोंडाच्या आकाराचा. मनातल्या मनात तिला म्हटलं, नाही गं बाई, बरोबर आहे तुझं.

शेवटचा शॉट असा, की बाई गाता गाता थांबते, कॅमेऱ्याकडे पाठ फिरवते आणि मागच्या दाराने चालत सेटच्या बाहेर निघून जाते. बाहेर फळ्या, वायरी, सगळं उघडं दिसतं. मॅडमना पिवळा लांब झगा होता, मला त्याच रंगाचा साधा. मी फुलीवर उभी होते. दादा दिवा वर घे, खाली घे करत होते, कॅमेरामन बघत होता, आणि एकदाचे दादा म्हणाले, झालं, जा तू. उकडत होतं, म्हणून मी केस उचलून वर बांधले, वळले आणि त्या मागच्या दारानेच निघाले, कारण बाथरूमला तिकडून जवळ. मनात काय होतं म्हणाल, तर ह्यांना फोन करावा असं आलं होतं. जेवलात का, एवढंच विचारावं. मग वाटलं, नको, ते विचारतील, काय झालं, फोन का केलास? काही झाल्याशिवाय फोन करायची आमच्यात रीत राहिलेली नाही. तेव्हा राहू दे म्हटलं आणि चालत राहिले. कॅमेरा चालू होता हे मला माहीतही नव्हतं.

व्हिडिओ बाहेर यायच्या आदल्या दिवशी दिग्दर्शिकेने मला तिच्या ऑफिसात बोलावलं. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मला वाटलं, आता कामावरून काढतात. ती बराच वेळ चष्मा पुसत बसली, मग म्हणाली, शेवटचा शॉट मॅडमचा नाही, तुमचा घेतलाय. मॅडमनी तो पुष्कळदा करून दिला, पण जमला नाही.

"त्यांच्या पाठीला माहीत असतं की लोक बघतायत," ती म्हणाली. "तुमच्या पाठीला माहीत नव्हतं."

मग जरा खाली बघून तिने विनंती केली, की हे बाहेर कुठे बोलू नका, मॅडमचा व्हिडिओ आहे, त्यांचंच नाव राहणार. बाईला कुणी बघत नाही म्हणून गाणं करायचं आणि त्यातल्या बाईचं नाव लपवायचं, हे विचित्र आहे, मलाही कळतं, असंही म्हणाली. प्रामाणिक पोरगी. घरी हवं तर सांगा, घरच्यांना सांगायला हरकत नाही, असं तिनेच सुचवलं. मी म्हटलं, बरं. बाहेर पडले तर मला हसूच आवरेना. रस्त्याने एकटीच हसत निघाले होते, लोक वळून बघत होते. किती वर्षं सगळ्यांच्या जागी उभी राहिले, आणि आता एकदा माझ्या जागी मी.

घरी सांगायचं नाही, हे मी जिना चढतानाच ठरवलं. सांगून काय, सांगितल्यावर कुणीही हो म्हणतं. मला बघायचं होतं, हे ओळखतात का. व्हिडिओ सगळीकडे वाजणार होता, कधी ना कधी तो ह्यांच्या डोळ्यांपुढे येणारच. आणि बायको पाठमोरी ओळखायची म्हणजे काही कोडं नव्हे. मी रोज त्यांच्याकडे पाठ करूनच तर ओट्याशी उभी असते. त्यांनी मान वर करावी, स्क्रीनकडे बघावं, आणि म्हणावं, अगं, ही तर तू. एवढंच हवं होतं मला. तरुण मुलीसारखी धडधड होत होती, आता सांगायलाही लाज वाटते.

व्हिडिओ आला आणि जिकडेतिकडे तोच. शेवटचं ते चित्र लोकांनी उचललं, पिवळा झगा, वर बांधलेले केस, उघडी मान, पाठमोरी बाई आणि पुढे उघडं दार. लोकांनी त्याचे काय काय अर्थ लावले. पाठ म्हणजे नकार. उघडी मान म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरलं. एक विद्वान टीव्हीवर म्हणाला, आजवर बाईने कॅमेऱ्याकडे बघायचं की नाही हे दुसऱ्यांनी ठरवलं, आता तिने ठरवलं. मी मटार सोलत ऐकत होते. म्हटलं, अरे बाबा, उकडत होतं आणि बाथरूमला जायचं होतं. पण मग हात थांबला. फोन मी केला नव्हता, हेही खरं. नको म्हटलं होतं आणि चालत राहिले होते. बाईच्या पाठीत तेवढं दिसत असेल, तर दिसतही असेल. मला काय माहीत, मी माझी पाठ कधी बघितली?

वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी तर माझ्या मागेच लागली. काकू, तुम्ही हा व्हिडिओ बघायलाच हवा, हा तुमच्यासारख्यांसाठीच आहे. मी म्हटलं, माझ्यासारख्या म्हणजे कशा गं? ती गडबडली. मग तिनेच स्वतःच्या फोनवर मला माझी पाठ दाखवली आणि ती बघा कशी कुणाची पर्वा न करता जाते, असं मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, छान आहे हो. तिने काही ओळखलं नाही, पण तिचं काय, ती परकी. माझं सगळं लक्ष घरात.

आणि एके संध्याकाळी ह्यांनीच विषय काढला. जेवता जेवता म्हणाले, मोठं काम आलंय, त्या व्हिडिओतल्या बाईचे शर्ट छापायचेत, बक्कळ. माझा घास तोंडातच राहिला. जेवण झाल्यावर त्यांनी टेबलावर लॅपटॉप उघडला आणि ते चित्र मोठं केलं. स्क्रीनभर मी. ते पुढे झुकून बारकाईने बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याकडे इतका वेळ लावून त्यांनी कधी बघितल्याचं मला आठवत नाही. मी उठून ओट्याशी गेले, केस तस्सेच वर बांधले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली. मागून काही आवाज येतो का म्हणून कान टवकारून. आवाज आला तो उंदीर फिरवल्याचा, कॉम्प्युटरचा उंदीर.

मग मी काय वेडेपणा करावा? त्यांच्यासमोरून ये-जा सुरू केली. कपाटापर्यंत जायचं, वळायचं, खिडकीपर्यंत जायचं, वळायचं. मान ताठ. व्हिडिओत चालले तशीच चालायला गेले, पण मुद्दाम ती चाल कसली जमतेय, मॅडमसारखीच चालले असेन. ह्यांनी शेवटी चष्म्यावरून बघितलं. मी थांबले.

"काही हरवलंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, पाय मोकळे करतेय. ते बरं म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनमध्ये शिरले.

मी मनाची समजूत घातली. माणूस कामात आहे, कामात असला की ह्यांना घराला आग लागली तरी कळायचं नाही. उद्या ओळखतील. शर्ट छापायला लागले की रोज तेच चित्र हाताखालून जाईल, मशीन दाबतील, उचलतील, माझी पाठ, पुन्हा माझी पाठ. कधीतरी हात थांबेल. मी घरी आले की आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. काही दिवस असे गेले. ते दमून यायचे, बोटांना शर्टांचा गरम वास यायचा, आणि आज इतके झाले, उद्या इतके होतील, एवढंच सांगायचे. खोटं कशाला बोलू, एकदा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून रडले. मग त्याचाच राग आला, की बघणारं कोण आहे इथे, नळ कशाला सोडलास बाई.

काम संपत आलं त्या दिवशी ते जरा खुशीत होते. दुकानातून एक शर्ट घरी घेऊन आले. तो टेबलावर पसरून मला बोलावलं आणि म्हणाले, बघ, कसा आलाय. चांगला आला होता. पिवळा तर अगदी जिवंत. मी बघत राहिले तसं त्यांनी सहज, आपल्या कामाची ऐट सांगावी तसं सांगितलं.

"मूळ चित्रात हिच्या मानेवर एक डाग होता. शाई उडाली असं वाटलं असतं लोकांना, गिऱ्हाइकं लगेच परत आणून देतात. मी पुसून टाकला."

माझा हात आपोआप मानेवर गेला. तिथे तीळ आहे माझा. मी तो कधी बघितलेला नाही, आपला आपल्याला दिसण्यासारखा नाही तो. लहानपणी केस विंचरताना आई त्यावर बोट ठेवायची, म्हणून मला माहीत. आई गेली. आता जगात तो बघू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने तो मोठा करून बघितला होता, डाग समजला होता, आणि सफाईने पुसला होता. वाईट हेतूने नाही. काम चोख व्हावं म्हणून.

माझा हात मानेवरच होता, ते ह्यांच्या लक्षात आलं नाही. ते म्हणाले, हा मापाला म्हणून काढलेला शर्ट आहे, तुला होईल बहुतेक, वळ बघू. मी वळले. त्यांनी शर्ट खांद्यांना धरून माझ्या पाठीला लावला, शिवण खांद्यावर येते का ते बोटांनी चाचपलं. माझ्या पाठीवर माझी पाठ, आणि ते मागे उभे, वीतभर अंतरावर. आता नाही तर कधीच नाही.

"जरा ताठ उभी राहा ना," ते म्हणाले. "तिच्यासारखी."

मी ताठ उभी राहिले. उभं राहायचं मला कुणी शिकवायला नको. ते दोन पावलं मागे सरकले, बघितलं असेल त्यांनी, आणि मग हसून म्हणाले, नाही बाबा, तिची ऐटच वेगळी.

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. मी वळले.

"ती मीच आहे," मी म्हणाले. "व्हिडिओतली ती बाई. मीच आहे ती."

ते माझ्याकडे बघत राहिले. शर्ट हातात तसाच. आणि मग त्यांना हसू फुटलं. चेष्टेचं नाही हो, अगदी पोटातून, खरं. खुर्चीत बसले, चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हसले. म्हणाले, काय बोललीस, कधी नव्हे ते काय बोललीस. मी तिथे उभी. केस वर करून मान दाखवता आली असती. हात अर्ध्यापर्यंत गेलाही होता. पण खुणा दाखवून ओळख पटवायची ती पोलीस चौकीत, नवऱ्याजवळ नाही. मी हात खाली घेतला.

आणि काय सांगू, ती संध्याकाळ आमच्या घरातली कित्येक वर्षांतली सगळ्यात चांगली संध्याकाळ झाली. ते माझ्याशी बोलत राहिले. दुकानातल्या गमती सांगितल्या, मला पुन्हा वाढून घे म्हणाले, स्वतः उठून पाणी आणलं. मध्येच आठवायचं आणि हसायचे. नणंदेला फोन लावून सांगितलं, तुझी वहिनी काय म्हणाली ऐक. पलीकडून तीही खो खो हसली आणि म्हणाली, वहिनीला असं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. मलाही त्यांचं हसणं बघून बरं वाटलं, हे मी नाकारणार नाही. बरं वाटलं, आणि आत काहीतरी कायमचं बसलं खाली.

आता ती घरातली ठरलेली गंमत झाली आहे. कुणी पाहुणे आले, दुकानातलं कुणी आलं, की हे मला बाहेर बोलावतात. एरवी न बोलणारा माणूस, पण तेव्हा तोंडावर नुसतं चांदणं. माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि सगळ्यांना सांगतात, "ही बघा, व्हिडिओतली ती बाई. हीच ती." सगळे हसतात. मीही हसते. मग चहा ठेवायला म्हणून मी वळते आणि आत जाते, तोवर त्यांच्या गप्पा दुसरीकडे गेलेल्या असतात, माझ्याकडे कुणी बघत नसतं.